दसऱ्याचा हार

ठाकुर्लीची चाळ पाडून टॉवर झाला, तेव्हा संदेशच्या वाट्याला फ्लॅटसोबत पार्किंगही आलं. गाडी तेवढी अजून यायची होती. जुनी का होईना, घ्यावी म्हटलं तर बँकेतला साहेब म्हणाला, "तुम्ही कधी कर्जच घेतलेलं नाही, मग भरवसा कशावर ठेवायचा? निम्मे पैसे रोख भरा, मग बघू." संदेश आपली स्कूटर भिंतीला खेटून लावायचा, म्हणजे उरलेली जागा गाडीपुरती मोकळी राहायची.

वरच्या मजल्यावरच्या हितेशने दुसरी गाडी घेतली आणि ती जागा भाड्याने मागितली. संदेशच्या अगदी जिवावर आलं. मृणालने मात्र लगेच होकार दिला.

"अरे, रिकाम्या जागेकडे बघत बसून गाडी येणारे का? भाडं तरी साठेल."

बायकोला या गाडीचं काहीच कसं वाटत नाही, याचं संदेशला नवल वाटलं.

दसऱ्याला हितेश हार घेऊन खाली आला, तर त्याच्या गाडीला आधीच झेंडूचा हार घातलेला. शेजारी मृणाल उभी.

"वहिनी, माझ्या गाडीला तुम्ही कशाला आणलात?"

"मी दरवर्षी गाडीच्याच मापाचा आणते, भाऊजी," मृणाल ओशाळून म्हणाली. "स्कूटरला दुमडून घालावा लागायचा."