मागाहून आलेला आवाज

"बोगदा ढासळलाय म्हणे. तू आत उतरली नाहीस ना?" कुमुदताईंनी फोनवर विचारलं.

"नाही गं आई. मी अंधाराला किती घाबरते, ठाऊक आहे ना तुला?" मृण्मयीचा आवाज लगेच आला.

"झालं समाधान? ठेव आता," यशवंतराव म्हणाले. "फोनचा अंदाज कधी चुकलाय का?"

"हे फोनने तिच्या आवाजात रचलेलं उत्तर. तिचं स्वतःचं मंगळावरून इथे पोचायला अर्धा तास तरी लागेल," त्या म्हणाल्या.

कुमुदताई वालाच्या डाळिंब्या सोलत बसल्या. लहानपणी जिन्यातला दिवा गेला तरी ही पोर रडायची. अंदाज खराच ठरावा, असं त्यांना मनातून वाटत होतं.

डाळिंब्या संपत आल्या तेव्हा खरा आवाज आला, धापा टाकत.

"उतरले होते, आई. आमचा एक जण आत अडकला होता. दिवा विझला, मग चाचपडत गेले. दोघंही सुखरूप बाहेर आलोय. रागावू नकोस."

कुमुदताईंनी पदराने डोळे पुसले.

"चुकला की अंदाज," यशवंतराव पुटपुटले.

"फोनला आपली जुनी मृण्मयी माहीत होती," त्या म्हणाल्या. मग उठून त्यांनी शेजाऱ्यांच्या बाजूची खिडकी उघडली आणि तो आवाज पुन्हा पहिल्यापासून लावला.