खुनाची शिक्षा

तुरुंगाच्या भेटखोलीत केतकीने डबा उघडला. घास चावत तिचा नवरा हेमंत म्हणाला, "शाल्मली वांग्यात कारळाचं कूट घालते."

केतकीच्या अंगाचा तिळपापड झाला. हेमंतने ज्याचा खून केला, त्याची बायको ही शाल्मली! खुन्याला पश्चात्ताप व्हावा म्हणून मेलेल्याच्या साऱ्या आठवणी त्याच्या डोक्यात भरायच्या, असा कायदा होता. पण झालं भलतंच. तिचं नाव घेताना हेमंत जसा हसला, तसा अठरा वर्षांच्या संसारात केतकीकडे बघून कधी हसला नव्हता.

बाहेर पडताना तिने दारावरच्या पोलीसबाईंना विचारलं, "बाईने खून केला, तरी शिक्षा हीच का हो?"

"हीच. मेलेलीच्या सगळ्या आठवणी."

"म्हणजे वांग्यात ती आणखी काय काय घालते, तेही कळेल मला," केतकी म्हणाली.