मी सांगेपर्यंत

“बाबा, गाडी झोपतेय.”

रेडिओवर लेकीचा आवाज आला तेव्हा चौदावी फेरी चालू होती आणि अजून सहा बाकी होत्या. उस्तादांनी लॅपटॉपकडे पाहिलं. इंजिनाचं पाणी एकशे नऊ अंशांवर. आकडा एकशे आठच्या वर गेला की या गाडीतला कॉम्प्युटर इंजिनाचा जीव वाचवायला आपणहून ताकद कापतो. मग पाय कितीही दाबा, गाडी रडतखडतच चालते. सरळ रस्त्यावर दोघे तिला ओलांडून गेलेही.

“हीटर लाव,” उस्ताद म्हणाले. “फुल.”

“हीटर? बाबा, इथं आधीच भट्टी झालीय!”

“इंजिनाची उष्णता आत ओढून घे. मी सांगेपर्यंत बंद करायचा नाही. आणि काच खाली करू नकोस, वेग जातो.”

क्षणभर नुसती खरखर. मग, “बरं.”

युक्ती जुनीच. तापलेलं पाणी हीटरच्या नळ्यांतून फिरतं, उष्णता तिथं सोडतं आणि इंजिन हलकं होतं. सोडलेली उष्णता चालवणाऱ्याच्या पायांवर आणि तोंडावर येते खरी, पण शर्यतीत तेवढं सोसायचंच असतं, असं उस्तादांचं मत. उस्ताद स्वतः पिटमध्ये, ट्रॅककडेच्या दुरुस्तीच्या जागेत, पंख्याखाली बसले होते.

एका फेरीत आकडा एकशे सहावर आला. पुढच्या फेरीत एकशे तीन. गाडीत पुन्हा दम आला. हे इंजिन उस्तादांनी आठ महिने खपून स्वतःच्या हातांनी बांधलं होतं, तळहाताच्या फोडासारखं जपलं होतं. आधीचं इंजिन एक शर्यत संपता संपता जॅम झालं होतं. ते दुःख अजून गेलं नव्हतं.

सतराव्या फेरीत रेडिओ खरखरला. “बाबा, थोडा वेळ बंद करू?”

“मुळीच नाही. तीनच फेऱ्या राहिल्यात.”

त्यानंतर ती बोललीच नाही. घड्याळ धरून बसलेल्या तिच्या मामाला ते खटकलं.

“दाजी, पोरगी गप्प का झाली?”

“गाडी चालवायला गेलीय ती, गप्पा मारायला नाही.”

“माझी भाची पाच मिनिटं गप्प बसली? हाच आजचा विक्रम!”

टायरवाल्यासकट पिटमधले सगळे हसले. उस्तादही हसले.

शेवटच्या फेरीत तिनं त्या दोन्ही गाड्या मागं टाकल्या. दुसरा नंबर! मामानं टायरवाल्याला मिठी मारली. गाडी पिटमध्ये शिरली ती जरा वाकडीच, आणि रस्त्याकडेचा खुणेचा एक प्लास्टिकचा कोन चेपून थांबली. आनंदाच्या भरात तिकडं कोण बघतंय.

“इंजिन बंद करू नकोस!” उस्ताद ओरडत पुढं धावले. तापलेलं इंजिन एकदम बंद केलं तर पाणी आतल्या आत उकळतं. दोन मिनिटं तसंच चालू ठेवायचं, हा त्यांचा शिरस्ता.

सगळे पुढं जमले. उस्तादांनी बॉनेट उघडून वर टेकवलं, तशी समोरची काच झाकली गेली. त्यांनी नळीला पालथा हात लावून पाहिला. तेल कुठं गळत नाही ना, ते वाकून वाकून पाहिलं. लॅपटॉप धरलेला मामा आकडे वाचत होता. अठ्ठ्याण्णव. सत्त्याण्णव. उस्तादांचा जीव भांड्यात पडला.

“ये गं आता बाहेर!” त्यांनी हाक मारली.

दार उघडलं नाही.

“रुसली वाटतं,” म्हणत मामा दाराशी गेला. त्यानं हँडल ओढलं आणि तो एकदम मागं सरला. आतल्या हवेनं त्याचं तोंड भाजलं होतं.

लेक बसलेली होती. पट्ट्यांनी धरून ठेवली होती म्हणून बसलेली. मान छातीवर पडली होती. हीटर फुल वाहत होता.

“दाजी!” मामा ओरडला.

उस्तादांनी नळीला लावलेला तोच पालथा हात तिच्या मानेला लावला. कातडी कोरडी होती, घामाचा टिपूस नाही, आणि नुसती पेटलेली. पट्टे कसे सोडतात तेच त्यांना आठवेना. ते पट्टे त्यांनीच बसवले होते. शेवटी टायरवाल्यानं त्यांना बाजूला ढकललं, पट्टे कापले आणि मामाच्या मदतीनं तिला बाहेर ओढलं.

अ‍ॅम्ब्युलन्समधली नर्स धावत आली. तिनं लेकीचं हेल्मेट काढलं, शर्यतीचा जाड पोशाख कात्रीनं फाडला, काखेत आणि मानेखाली बर्फ कोंबला.

“शुद्ध हरपायच्या आधी कशी होती? किती ताप होता?”

“अठराव्या फेरीला पाणी एकशे दोन होतं,” उस्ताद म्हणाले. “तेल एकशे अठरा.”

नर्सनं मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. “मी हिचं विचारतेय, काका.”

गाडीत अकरा ठिकाणी तापमान मोजायची सोय होती, आणि ती सगळी उस्तादांनीच केलेली. ते नुसते उभे होते. कोणीतरी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली, ती त्यांनी तशीच धरून ठेवली.

बराच वेळ गेला. मग लेकीच्या पापण्या जरा हलल्या. नजर कुठंच नव्हती. ओठ हलले, तसे उस्ताद गुडघ्यावर बसून तिच्या तोंडाशी कान नेऊन ऐकू लागले.

“बाबा... आता करू बंद?”

“कर,” ते कसेबसे म्हणाले. “कर गं बाळा, बंद कर.”

तिनं स्ट्रेचरवरून डावा हात थोडासा उचलला आणि हवेतच, तिथं नसलेलं बटण सावकाश फिरवलं.