लेकीच्या लग्नाचा चौक

लाडकीने भिंतीवर चौक काढायला तांदळाच्या पिठात काडी बुडवली, तसा लग्न लावायला आलेल्या धवलेरीने तिचा हात धरला.

“तू नको गं. लग्नाचा चौक सवाशिणीनंच काढायचा.”

गेल्याच महिन्यात पॅरिसच्या प्रदर्शनात तिच्या अशाच चौकापुढे माणसं टाळ्या वाजवत उभी होती. घरच्या भिंतीपुढे मात्र ती विधवा होती. बंदराविरुद्धच्या मोर्चावर गोळीबार झाला, त्यात झेंडा घेऊन चालणारा तिचा नवरा गेला, त्याला चार वर्षं झाली होती.

तिने काडी जावेच्या, सोमीच्या हातात दिली. सोमीला सवय नव्हती. तिची रेघ सारखी वाकडी जात होती. लाडकी स्वतःचे हात मांडीखाली दाबून बसली आणि तोंडाने सांगत राहिली, “मधे देवी. इकडे घोडा. आता तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती नाचणारे.”

सगळं काढून झाल्यावर सोमीने काडी खाली ठेवली.

“अजून एक माणूस काढ,” लाडकी म्हणाली. “नाचणाऱ्यांच्या शेवटी. त्याच्या हातात झेंडा दे.”

“लग्नात झेंडा कशाला गं, बाय?”

“आपल्या चित्रातल्या माणसांना तोंड नसतं. पोरीनं बाप ओळखायचा कसा?”