बरणीचं झाकण

टेम्पोने धडक दिल्यापासून सुताराच्या उजव्या हातात जोर उरला नव्हता. भरपाई ठरवायला विम्याचे साहेब घरी आले, तेव्हा बायकोने पुरावा म्हणून घट्ट झाकणाची बरणीच पुढे ठेवली.

“साहेब, तीस वर्षांत माझ्याच्याने एक झाकण उघडलं नाही. दर वेळी कामावरून यांनाच हाक मारायची. आता बघा यांचे हाल.”

झाकण हलेना. साहेबांनी ‘हात अधू’ असं लिहूनही घेतलं, तरी सुतार घामाघूम होऊन हट्टाने झटतच होता. बायकोला ते बघवेना. तिने बरणी ओढून घेतली आणि एका झटक्यात उघडली.

सुतार दुखणंच विसरला. “अगं, मग तीस वर्षं मला हाका कशाला मारत होतीस?”

“नाहीतर तुम्ही रंधा सोडून घरात आला असतात का?”