बघण्याची जागा

जन्मांध बाईंनी अंधशाळेत तीस वर्षं ब्रेल शिकवलं होतं. मेंदूत गुठळी अडकली, पण त्या वाचल्या. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने आवडतं पुस्तक हाती दिलं. बोटं ओळीवर फिरून थांबली. “अहो, ठिपके टोचतात, पण अक्षर लागत नाही.” डॉक्टरांच्या तपासणीत बोटं धडधाकट निघाली. “बाई, मेंदूचा मागचा भाग बघण्यासाठी असतो. तुमच्या डोळ्यांकडून काही येईना, म्हणून तो बोटांसाठी वाचू लागला. नेमका तोच दुखावलाय.” बाईंनी पानावरून पुन्हा बोटं फिरवली. “म्हणजे मी इतकी वर्षं बघतच होते की!” त्यांना रडू कोसळलं. नवरा पुस्तक मिटायला लागला, तशी त्यांनी त्याचं बोट धरून पानावर टेकवलं. “आता तुम्ही शिका. मला वाचून दाखवा.” “या वयात कसलं जमतंय!” बाईंनी बोट सोडलं नाही. “पहिल्या दिवशी सगळे हेच म्हणतात.”