बॉनेटवरचा पोचा

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी फिटरने भंगारातली एक जुनी पिकअप घरी आणली. बायकोला तिच्यातून फिरवायचं, एवढीच हौस. चार वर्षं रोज थोडं थोडं काम चाललं. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा बसवला. त्याचा पहिला गिअर नेमका जुन्या रिव्हर्सच्या जागी येत होता. सगळं जमलं, पण बॉनेटच्या तोंडावरचा एक पोचा जाईना. संध्याकाळी ठोकून, पुट्टी भरून सपाट करावा, तर सकाळी पुन्हा हजर, कालच्यापेक्षा किंचित खोल.

"तुमच्यापेक्षा हट्टी निघाला की हो," बायको म्हणाली. "राहू द्या आता. मला फिरायचंय, बॉनेटमध्ये तोंड नाही बघायचं."

त्याने हात टेकले. रविवारी गाडी शेडमधून मागे काढायची होती. बायको भिंतीला पाठ लावून गाडीच्या पुढे उभी राहिली. "जाऊ द्या मागे, जाऊ द्या." फिटरचा हात अशा पिकअप चालवायच्या सवयीने जुन्या रिव्हर्सवर गेला.

पंचनाम्याला आलेल्या हवालदाराने पोच्यावर बोट ठेवलं. "हा आजचा ना?"

"नाही साहेब, हा जुनाच."

दोघांनी मिळून नवा शोधला. गाडीवर दुसरा पोचा नव्हता.

फिटरची बायको त्याच रविवारी, सकाळी दहाच्या सुमारास गेली.